कडुबा लावा

रत्नमाला साळवेनं बजाजनगरातल्या घराच्या पुढच्या खोलीवर पाटी लावली, ‘वकील – पेटंट व ट्रेडमार्क’, आणि आमच्या कोर्टातल्या वकिलांच्या बाररूमला आठवडाभर पुरेल एवढा विषय मिळाला. आपल्याकडे पेटंट म्हणजे एखाद्याचं ठरलेलं उत्तर, ठरलेला विनोद. “बाई, आमच्या पेटंट चहाचं काही बघा,” असं मीही म्हणालो. आता लाज वाटते.

“आधी चहा तरी नवा करा, सर,” ती म्हणाली.

तिचे वडील बन्सी वाळूजला फिटर होते. ही मेकॅनिकल इंजिनिअर झाली, मग वकील, मग पेटंट एजंटची परीक्षा पास झाली. ज्या सीनियर वकिलांकडे बसली त्यांनी तिला वाटणीच्या दाव्यांना जुंपलं. “पेटंटबिटंट मुंबईत. इथं जमीन चालते,” ते म्हणाले. तिनं त्याच दिवशी बॅग उचलली. मला तो उर्मटपणा वाटला होता.

तिचा पहिला पक्षकार कडुबा, मूळ सोयगावचा, वाळूजच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार. भोक पाडताना जॉब, म्हणजे मशीनवरचा लोखंडी तुकडा, सरकायचा, म्हणून त्यानं ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यापासून तो घट्ट धरणारा एक चिमटा बनवला होता. बारा वर्षांनी कंपनीनं त्याच चिमट्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. संशोधक म्हणून नाव मॅनेजरचं.

“ताई, मला काय बी नको,” कडुबा म्हणाला. “पर माझ्या कामावर दुसऱ्याचं नाव नको.”

“काका, कामावरून काढतील.”

“काढू द्या. हात तर माझ्याजवळच हायेत.”

तिनं हरकत दाखल केली. पेटंट ऑफिसच्या अधिकाऱ्यांपुढची सुनावणी व्हिडिओवर होती. तिच्याकडची लाइट गेली म्हणून ती, कडुबा आणि मी, तिघंही माझ्या ऑफिसात बसलो. पडद्यावर कंपनीचे मुंबईचे वकील म्हणाले, “या कामगारानं कागदावर काढलेली एक रेघ तरी दाखवा.” रेघ नव्हतीच.

रत्नमालाचा आवाज मात्र चढला नाही. “संशोधकांनीच सांगावं, हे चालतं कसं,” तिनं अधिकाऱ्यांना विनंती केली.

वकिलांशेजारी बसलेला मॅनेजर खुशीत सुरू झाला. “सोपं आहे, सर. जॉब टेबलावर ठेवायचा, मग कडुबा लावायचा, आणि...”

तो थांबला. बारा वर्षं कारखान्यातलं अख्खं शॉप त्या चिमट्याला कडुबाच म्हणत होतं. याच्याही तोंडात तेच बसलं होतं.

“कडुबा म्हणजे?” अधिकाऱ्यांनी विचारलं.

“माझ्या शेजारी बसलेत, सर,” रत्नमाला म्हणाली.

कंपनीचा अर्ज पुढं नामंजूर झाला. पण त्या क्षणी एवढ्या मोठ्या साहेबानं आपल्याकडं पाहिलं म्हणून कडुबा गडबडून हात जोडायला लागला. रत्नमालानं ते जोडलेले हात धरून सोडवले.

“जोडायचे नाहीत, काका. त्याच हातांनी दाखवा, कसा लावायचा ते.”