सोल्युशनवाले बाप आणि हाताने सुटणारा जोड

आमच्या बरकतपुऱ्यातल्या काका लोकांचे किस्से मला जमवावे लागत नाहीत. टाकीच्या काचेवर शेवाळ चढतं तसे ते आपोआप चढतात. या रविवारी घासून काढा, पुढच्या रविवारी पुन्हा हजर!

मी इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडलं. घरोघरी माशांच्या टाक्या बसवतो, त्यांचे पाइप आणि पंप जोडतो. तेव्हा आमच्या तेलुगू राज्याचे दोन तुकडे व्हायचे दिवस होते. बाबा सरकारी इंजिनिअर. ऑफिसात कोण इकडे राहणार, कोण तिकडे जाणार, याशिवाय दुसरा विषय नाही. त्या धांदलीत त्यांनी मला मुदत दिली. "ही ऑफिसांची वाटणी उरकू दे. मग तुझे मासे बंद आणि तू परत कॉलेजात!"

मला कॉलेजात जायचं नव्हतं. म्हणजे वाटणी होईपर्यंत बाबांना पटवायचं होतं, की हेही काम आहे. आणि बाबांचं माझ्याशी भांडण कशावरून? तर एका प्लास्टिकच्या जोडावरून!

त्या जोडाला युनियन म्हणतात. पाइपच्या मधे बसवायचं. आत रबरी रिंग, वरून मोठा नट. नट हाताने फिरवला की पाइप वेगळा. पंप काढा, धुवा, परत लावा. एवढंच.

बाबांचं म्हणणं, "सुटतो तो जोड कसला? सोल्युशन लाव, चिकटव, जन्माचं काम!" धरणं बांधणाऱ्या माणसाला माशांची टाकी द्यायलाच नको.

* * *

आमच्या घरातला पंप बाबांनी स्वतः चिकटवला. पंपात घाण अडकली की आरीने पाइप कापायचा, पंप धुवायचा आणि उरलेल्या पाइपला पुन्हा चिकटवायचा. दर वेळी पाइप बोटभर आखूड, पंप बोटभर वर. त्यांना ते दिसतच नव्हतं.

एक दिवस पंप घरघरायला लागला. आई स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, पंप पाण्याच्या बाहेर आलाय!"

बाबांनी पेपरातून मान वर केली नाही. "मग पाणी वाढव!"

* * *

शेजारच्या गल्लीतल्या वकीलकाकांना मात्र युनियनचं पटलं. स्वतः अफझलगंजच्या बाजारातून घेऊन आले, स्वतःच बसवलं. पंप धुवायची वेळ आली तेव्हा फोन. "अरे, तुझं ते युनियन सुटत नाही!"

मी गेलो. दोन्ही हातांनी जोर लावला, गुडघा टेकवून लावला. नट हलेना.

"काका, आट्यांना काही लावलंत का?"

"लावलं की. सोल्युशन. गळायला नको म्हणून."

मी कपाळ धरून बसलो. काका कोर्टात उभे राहावं तसे उभे. "हे बघ, तू म्हणालास युनियन बसवा. मी बसवलं. सुटलं पाहिजे, असं तू कुठे म्हणाला होतास?"

* * *

देशमुख सर शाळेतून रिटायर झालेले. त्यांच्याकडे युनियनमधून पाण्याची धार! नट घट्ट, पाइप सरळ, तरी धार. उघडून बघतो तर आतली रबरी रिंगच गायब.

काकू म्हणाल्या, "ती काळी रिंग होय? ती बाहेर पडली होती. मी लोणच्याच्या बरणीला लावली. काय घट्ट बसलीय!"

मी म्हटलं, "काकू, ती काढून द्या." तर सरच आडवे आले. "तू दुसरी आण. लोणचं खराब झालं तर जबाबदार कोण?"

अख्ख्या घरात न गळणारी एकच वस्तू होती, लोणच्याची बरणी!

* * *

अफझलगंजचे युसूफभाई पाइपचे दुकानदार. एकदा मला बघून म्हणाले, "क्या मियाँ, तुम्हारे मोहल्ले के बुड्ढे सोल्युशन खाते क्या? डब्बे पे डब्बा ले जारे!"

"हौ भाई, नाश्ते में."

"फिर युनियन कायकू ले जारे?"

"खोलने कू."

"खुला कभी?"

"नक्को पूछो!"

* * *

आता रावगारू, म्हणजे आपल्या भाषेत रावसाहेब. आमच्या शेजारच्या फ्लॅटमधले, बाबांच्याच ऑफिसातले. दोघं एका स्कूटरवर ऑफिसला जायचे. त्यांची बाल्कनी आणि आमची बाल्कनी, मधे एक भिंत. दोघांनी त्या भिंतीलाच भोकं पाडायला लावली. टाक्या दोन, पाणी एक! मी दोन पाइप टाकले आणि भिंतीपाशी दोन्हींना युनियनं बसवली.

बाबा भडकले. "रावांच्या आणि आमच्या मधे सुटणारा जोड? काढ तो! चिकटव!"

रावगारू म्हणाले, "उंडनीयंडी, राहू द्या. पोरगा बसवतोय तर बसवू द्या."

मी काढली नाहीत. बाबा आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. तेवढीच शांतता!

मग वाटणी झाली. रावगारू तिकडे. काही दिवसांनी त्यांचं ऑफिस विजयवाड्याला निघालं. खाली ट्रक उभा, वर त्यांची टाकी तेवढी राहिलेली. बाबा आरी घेऊन बाल्कनीत आले आणि पाइपसमोर नुसतेच उभे राहिले. आरी लावेनात.

मी दोन्हीकडचे वॉल्व्ह बंद केले. नट हाताने फिरवले. पाइप सुटले. चार थेंब पडले, ते बाबांनी स्वतःच्या रुमालाने पुसले.

माझी मुदत संपली होती. बाबा कॉलेजचं कधी काढतात, याची मी वाट बघत बसलो.

पुढच्या रविवारी विजयवाड्याहून रावगारूंचा फोन. टाकी मांडली होती, तिथला प्लंबर सोल्युशनचा डबा उघडून बसला होता. इकडे बाबा खुर्चीतून उठून तेलुगूत ओरडायला लागले. "वद्दंडी, नको, रावगारू! सोल्युशन वद्दु! रेंडु वैपुला युनियन! दोन्ही बाजूंना! मी पहिल्यापासून हेच सांगत होतो ना? त्या माणसाला थांबवा! मा अब्बायी वस्ताडु, आमचा मुलगा येतोय!"

मग फोनवर हात ठेवून माझ्याकडे वळले.

"युनियन अफझलगंजहूनच घेऊन जा. आणि आरी नेऊ नकोस. तिथे आरीचं काय काम?"