अडीच मिली

"डॉक्टर, आधी पंचनामा करा. सुया मागनं लावा," धोंडीआबा म्हणाले. त्यांच्या पायाशी एक मेंढी आडवी पडून पाय झाडत होती.

मी बॅग उघडून बसलो होतो. नव्वदच्या दशकात मी बारामती आणि इंदापूरच्या मधल्या पट्ट्यात, सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात नोकरीला होतो. सकाळी दवाखाना उघडतानाच आबांचा निरोप आला, मेंढ्या पडायला लागल्यात. मोटारसायकलवरून पोहोचेपर्यंत त्यांच्या जाळीच्या वाड्यात निम्मा कळप आडवा झाला होता. काही मेल्या होत्या. उरलेल्यांच्या तोंडातून लाळ गळत होती, अंग थरथरत होतं.

"पंचनामा कशाला, आबा?"

"इख घातलंय. त्यानं." आबांनी बांधाकडं बोट दाखवलं.

बांधावर किसनराव उभे होते. कालव्याच्या पाण्यावर वांगी-टोमॅटो करणारे शेजारी. दर उन्हाळ्यात आबांचा कळप त्यांच्या रानात बसायचा आणि त्या लेंडीखतावर त्यांची वांगी पोसायची. दोन्ही घरांचं जाणं-येणं होतं. त्या सकाळी मात्र आबा त्यांना नको नको ते बोलून आले होते.

"काल सांजच्याला मेंढरं त्याच्या बांधाला चरली. आन सकाळी ही गत," आबा म्हणाले.

"म्या चार दिस झालं पंपाला हात लावला न्हाय," किसनराव तिथूनच म्हणाले. आवाज चढवला नाही. आबांनी ऐकलंच नाही.

खरं सांगायचं तर लक्षणं फवारणीच्या विषाचीच वाटत होती. लाळ, थरथर, धाप. अशा वेळी आम्ही अ‍ॅट्रोपीनचं इंजेक्शन देतो, त्यानं त्या विषाचा जोर उतरतो. माझ्याजवळ होतं तेवढं टोचलं. लाळ कमी झाली, धाप मात्र तशीच राहिली. आणखी दोन मेंढ्या डोळ्यांदेखत गेल्या.

एका मेलेल्या मेंढीचं पोट उघडलं. कीटकनाशक पोटात गेलं असेल तर बहुतेक वेळा उग्र वास मारतो. इथं तसला वास नव्हता. दुसरी गोष्ट, काल संध्याकाळी विष खाल्लं असतं तर मेंढ्या रात्रीच पडल्या असत्या.

"पहिली मेंढी कधी पडली?"

"आत्ता. उजाडल्यावर."

"उजाडल्यावर काय खायला घातलं?"

"काय न्हाय. सोडली कुठं अजून."

"पाजलं काही?"

आबांनी मुलाकडं पाहिलं. त्यांचा मुलगा संपत कुडाला टेकून उभा होता. आयटीआय झालेला, बारामती एमआयडीसीत एका कारखान्यात फिटर.

"सकाळी कामावरनं आल्यावर जंताचं औषध पाजलंय," तो म्हणाला. "पर ते चांगलं हाय, साहेब. हॉलंडचं."

त्यांच्या कारखान्यात नवं मशीन बसवायला हॉलंडचा एक इंजिनिअर आला होता. त्याच्या घरी मेंढ्या होत्या. जेवणाच्या सुट्टीत दोघं मोडक्यातोडक्या इंग्रजीत मेंढ्यांबद्दल बोलायचे. आमच्याकडं पावसाळ्यात जंतांनी मेंढ्या खंगतात, असं संपतनं सांगितलं. पुढच्या खेपेला त्या माणसानं आठवणीनं औषधाची बाटली आणली आणि रजेवर असलेल्या संपतसाठी ठेवून गेला.

"बाटली आण."

बाटली रिकामी होती. लेबल त्यांच्या भाषेत. पण औषधाचं नाव सगळीकडं सारखंच असतं. लेव्हामिसोल. जंतावर उत्तम, पण जास्त झालं तर जनावराचे स्नायू आणि श्वास दोन्ही बंद पाडतं. त्यावर नेमका उतारा नाही.

"किती पाजलं एकेकीला?"

"पंचवीस मिली. लिहिलंय तसं."

त्यानं बोट ठेवलं तिथं मेंढीचं चित्र होतं आणि पुढं छापलं होतं: 2,5 ml.

"हे पंचवीस कसं?"

"मधी स्वल्पविराम हाय. पर स्वल्पविराम हजाराच्या पुढं येतो. दोन आन पाचात कशाला यील? मला वाटलं, छापताना चुकून पडला." "आपलं पातळ औषिध पण तेवढंच पाजत्यात की. आन लिटरची बाटली आपल्या कळपाला बरोबर पुरली."

त्याचा हिशेब चुकीचा म्हणता येत नव्हता. आपण टिंब देतो ते अपूर्णांकाला, स्वल्पविराम देतो तो हजार, लाख, कोटी वेगळे दिसावेत म्हणून. युरोपातल्या बऱ्याच देशांत हे नेमकं उलटं. हजाराला टिंब, अपूर्णांकाला स्वल्पविराम. आपलं साडेतीन ते 3,5 असं लिहितात. मलाही त्या क्षणी खात्री नव्हती. मी बाटली फिरवली. तळाशी छापलं होतं: 1,0 l.

"संपत, ही बाटली किती लिटरची?"

"एक."

"आणि इथं काय लिहिलंय?"

त्यानं वाचलं. स्वल्पविराम सोडून वाचलं तर दहा लिटर होत होते. त्यानं बोटानं तो स्वल्पविराम झाकून पाहिला. मी औषधाच्या तीव्रतेवरून हिशेब केला. तीस किलोच्या मेंढीला सव्वादोन-अडीच मिली. बरोबर जुळत होतं.

"अडीच होतं ते," मी म्हणालो. "दहापट गेलं."

संपत मेलेल्या मेंढ्यांपाशी जाऊन बसला.

आबा जवळ आले. "मंजी किसननं न्हाय?"

"नाही."

"आन औषिधबी वाईट न्हवतं?"

"चांगलं होतं, आबा. त्यांच्या देशात आकडे वेगळे लिहितात."

"आकडंबी येगळं असत्यात व्हय?" ते म्हणाले. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "त्यो पाजत हुता. तोंडं म्या धरली. एकेकीचं."

नंतर ते संपतजवळ गेले, त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "काल रातपाळी करून आलाय. पोटात काय न्हाय त्याच्या," मला म्हणाले. "त्याला घरी घिऊन जावा, डॉक्टर. मी हितं थांबतो."

संपतला घरी सोडून मी परत आलो. दुपारपर्यंत ज्या तगल्या त्या वाचल्या. सात-आठ असतील. कोकरांना औषध पाजलं नव्हतं, ती सगळी जिवंत होती आणि मेलेल्या आयांना ढुशा देत होती. किसनरावांची बायको चरवीत गाईचं दूध घेऊन आली आणि बोटानं एकेका कोकराला चाटवत बसली. आबा बांधावर गेले आणि किसनरावांपुढं हात जोडून उभे राहिले. किसनरावांनी त्यांचे हात खाली घेतले. मग दोघांनी मिळून खड्डा खणायला घेतला.

आबांनी उरलेला कळप महिन्याभरात दुसऱ्या मेंढपाळाला देऊन टाकला. त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या मेंढरं होती, ती तिथं संपली. संपत एमआयडीसीजवळ खोली घेऊन राहायला गेला. बापानं त्याला कधी दोष दिला नाही, हे मला आबांच्याच बायकोनं सांगितलं. "ह्यांनी चार शब्द सुनावलं असतं तर बरं झालं असतं," ती म्हणाली. "पोरगं सणालाबी मुक्काम करत न्हाय." तो इंजिनिअर पुढं पुन्हा आला होता म्हणे. मेंढ्या कशा आहेत, असं त्यानं विचारलं. संपतनं चांगल्या आहेत म्हणून सांगितलं.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी चिठ्ठीवर डोस आकड्यात लिहिला नाही. अक्षरात लिहायचो. अर्धा, दीड, अडीच. कंपाउंडर हसायचे, वेळ जातो म्हणायचे. जातोच.