ऐंशीच्या पुढचा कंप

तिकडे परदेशात तुमच्या बाबाने तुम्हाला सांगितलं होतं, की आजीच्या हाताला कंप सुटलाय, म्हणून आजी आता गाडी चालवणार नाही. त्यावर तुमच्यातल्या धाकटीने मला एक चित्र पाठवलं होतं. त्यात आजी खुर्चीत बसली होती आणि गाडी अंगणात डोळे मिटून झोपली होती. चित्र छान होतं, पण त्यातली माहिती चुकीची होती. ती कशी चुकली आणि कोणामुळे, हे मी क्रमाने लिहून ठेवते आहे. माझा राग अजून गेलेला नाही आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही, तेवढं लक्षात ठेवून वाचा.

त्या हिवाळ्यात दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढायला मी पुण्याला गेले होते. सहा आठवडे लागले. गाडी तशीच उभी राहिली तर बॅटरी उतरते, म्हणून मी ती माझ्या धाकट्या दिरांकडे ठेवली. त्यांचं घर मांडवीला, समुद्राच्या जवळ. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून त्यांना एकच वेड आहे, मासे धरण्याचं. इकडे हाताने फेकायचं गोल जाळं असतं, त्याला पाग म्हणतात. ते खांद्यावर टाकून खाडीत मांडीभर पाण्यात उभे राहतात आणि घरी बोय मासे घेऊन येतात. बोय आली नाही तर कारणं घेऊन येतात.

पुण्याहून परतल्यावर पहिल्याच रविवारी मी गाडी काढली. लांज्याला माझी थोरली बहीण असते. ती अंथरुणाला खिळलेली आहे. पंधरा दिवसांतून एकदा जाऊन मी तिला न्हाऊ घालते, केस विंचरते, वर्तमानपत्र वाचून दाखवते. दुसऱ्या कोणाच्या हाताने ती केस विंचरू देत नाही. एसटीने गेलं तर दोनदा गाडी बदलावी लागते आणि दिवस मोडतो. त्यामुळे ही गाडी म्हणजे माझ्यासाठी नुसती हौस नव्हती.

दिरांनाही लांज्याला काम होतं, म्हणून ते शेजारी बसले. हातखंब्याला महामार्गाला लागलो. रस्ता आता चार पदरी आणि गुळगुळीत झालाय. मी नेहमीसारखी ऐंशीच्या पुढे गेले आणि स्टिअरिंग थरथरायला लागलं. धक्के नव्हते. बारीक, एकसारखी थरथर, कोपरापर्यंत चढणारी. मी घाबरून वेग कमी केला. दिरांनी रस्त्याकडे पाहिलं नाही, टायरकडे पाहिलं नाही. त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं.

"वहिनी, हाताला कंप सुटलाय हो तुमच्या."

"गाडी थरथरते आहे, भाऊजी."

"सहा आठवडे मीच चालवत होतो की! लोण्यासारखी चालते गाडी."

त्याच संध्याकाळी त्यांनी तुमच्या बाबाला फोन केला. बाबाचा मला आला. "आई, किल्ली काकांकडेच राहू दे. आधी डोळे झाले, आता हात. उगीच धोका कशाला?" मी म्हटलं, "अरे, तू पाहिलंस का?" तो म्हणाला, "काकांनी पाहिलंय ना." हे वाक्य मी त्याच दिवशी वहीत लिहून ठेवलं. तारीख घातली.

आता एक गोष्ट कबूल करते. मी स्वतःसुद्धा ते खरं मानलं आणि गाडी किल्लीसकट दिरांकडेच राहू दिली. तुमच्या पणजीला, म्हणजे माझ्या आईला, कंपवात होता. शेवटची चार वर्षं तिच्या हातातला चमचा तोंडापर्यंत पोचत नसे. आमटी पदरावर सांडली की ती माझ्याकडे न बघता म्हणायची, "पुसून घे गो." त्यामुळे कंप हा शब्द माझ्या कानाला इतर शब्दांसारखा लागत नाही. दिरांना हे ठाऊक होतं. आईच्या आजारपणात ते दोनदा भेटायला आले होते.

मग मी स्वतःची परीक्षा घेऊ लागले. सकाळी उठल्याबरोबर सुईत दोरा ओवायचा. चहाचा कप काठोकाठ भरून स्वयंपाकघरातून ओसरीपर्यंत न्यायचा. एके दिवशी चहा बशीत सांडला आणि मी ओसरीवरच बसून राहिले. भीतीनेही हात थरथरतो, हे त्या वेळी सुचलं नाही. डॉक्टरांकडे गेले. त्यांनी दोन्ही हात समोर धरायला लावले आणि बोटांवर एक कागद ठेवला. कागद हलला नाही. "हात माझ्यापेक्षा स्थिर आहेत तुमचे," डॉक्टर म्हणाले. मी घरी न जाता तशीच मांडवीला गेले आणि दिरांना हे सांगितलं. ते जाळ्याची गाठ मारत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "डॉक्टर काय, खुर्चीत बसवून तपासतो. ऐंशीच्या वेगात कुठे तपासलंन त्याने?"

ते चेष्टेने बोलले होते. मला मात्र त्यांनी तपासणीची पद्धत सांगून टाकली.

मी विचार करत घरी आले. आमचे दीर गाडी साठच्या वर नेत नाहीत. चाळीस वर्षं स्कूटर चालवली, तीच सवय चारचाकीला लावली. म्हणजे गाडी लोण्यासारखी चालते ती साठपर्यंत. ऐंशीच्या पुढे ती कशी चालते हे त्यांनी कधी पाहिलेलंच नव्हतं. आता त्यांना ऐंशीच्या पुढे न्यायचं होतं, आणि सांगून ते गेले नसते.

मी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. गुरुवारी षष्ठी होती. षष्ठीला भरती संध्याकाळी पाचच्या सुमारास पूर्ण होते आणि जाळं टाकायचं ते पाणी चढत असताना. म्हणजे चारला त्यांना खाडीत असायलाच हवं. मी फोन केला. "भाऊजी, गुरुवारी मला लांज्याला सोडाल का? आता माझं तुमच्यावरच सगळं." शेवटचं वाक्य म्हणताना मला जी मजा आली, ती मी लपवत नाही.

गुरुवारी मी बहिणीला न्हाऊ घातलं. केस दोनदा विंचरले. एक वाजता दीर दारात येऊन उभे राहिले, दोनला पुन्हा आले, अडीचला आले तेव्हा त्यांनी चप्पल काढलीच नाही. "वहिनी, निघायचं ना?" "एवढा अग्रलेख वाचून दाखवते हो." बहिणीला सगळं ठाऊक होतं. ती डोळे मिटून म्हणाली, "नीट ऐकू नाही आलं गो. पहिल्यापासून वाच."

तीन वाजून दहा मिनिटांनी आम्ही निघालो.

मी शेजारी बसले, वही मांडीवर, पेन हातात. साठला काही नाही. सत्तरला काही नाही. ते घड्याळ बघत होते आणि पाय दाबत होते. पंच्याहत्तरला स्टिअरिंगमध्ये किंचित हालचाल दिसली. ऐंशीला ती वाढली. पंच्याऐंशीला त्यांचे दोन्ही पंजे थरथरत होते आणि बोटातली अंगठी स्टिअरिंगवर टकटक वाजत होती.

मी त्यांच्या हातांकडे पाहिलं. अगदी त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं होतं तसंच.

"भाऊजी, तुमच्याही हाताला कंप सुटलाय हो."

त्यांनी स्टिअरिंग आणखी घट्ट आवळलं.

"घरात कोणाला होता का?"

"रस्ता खराब आहे," ते म्हणाले.

"बरं. आता हळूच ब्रेक लावा." ब्रेक लावल्याने थरथर वाढली नाही, वेग उतरला तशी गेली. म्हणजे दोष ब्रेकचा नव्हता. पुन्हा पंच्याऐंशी. "रस्ता मोकळा आहे, क्षणभर न्यूट्रल करा." इंजिनावरचा भार सुटला तरी थरथर तशीच. म्हणजे इंजिनाचाही नव्हता. राहिली फक्त चाकं. मी हे सगळं वेगाच्या आकड्यांसह लिहीत होते. ते अधूनमधून "वहिनी, भरती" म्हणत होते आणि मी "पंच्याऐंशी" म्हणत होते.

हातखंब्याच्या अलीकडे एक टायरचं दुकान लागलं. "इथे थांबवा," मी म्हटलं.

"आत्ता? वहिनी, पाणी चढलं असेल हो!"

"चढू दे. ते उद्याही चढेल."

टायरवाला पन्नाशीचा, शांत माणूस होता. मी वही वाचून दाखवली. त्याने शेवटपर्यंत ऐकलं. "काकू, इतकं कोण सांगत नाय. लोक नुसतं 'गाडी हलते' म्हणतात." त्याने पुढचं एक चाक काढलं, कडेवरून अंगठा फिरवला आणि थांबला. मग दुसरं काढलं. मग मागची दोन्ही न काढताच वाकून पाहिली.

"वजनं कुठे गेली?"

मुलांनो, चाक कधीच सगळीकडून सारखं जड नसतं. म्हणून हलक्या बाजूला कडेवर शिशाचा छोटा तुकडा अडकवतात. तो नसला तरी हळू चालताना काही कळत नाही, पण वेग वाढला की चाक थरथरतं. तुमच्या घरी कपडे धुण्याच्या मशीनमध्ये ओली चादर एका बाजूला गोळा झाली की मशीन कशी नाचते, तसंच.

"पडली असतील," दीर म्हणाले.

"चारही चाकांची? नाय हो काका. ही पकडीने ओढून काढलंन कोणीतरी. हे बघा ओरखडे. शिसं चोरतात कधीकधी, जाळ्याला लावायला."

जाळ्याला हा शब्द तो सहज बोलून गेला. मी दिरांकडे वळले. ते दुकानाच्या पत्र्याकडे बघत होते. त्या गोल जाळ्याच्या कडेला शिसं लागतं. शिसं नसेल तर जाळं पाण्यात बुडत नाही. हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. माझं बालपण याच किनाऱ्यावर गेलं आहे.

"भाऊजी?"

त्यांनी वाकून एक ओरखडा बोटाने चाचपला. मग ते म्हणाले, "मला वाटलं, शोभेला लावलेलं असतं."

टायरवाल्याने चाक खाली ठेवलं, मागे वळला आणि भिंतीकडे तोंड करून हसला. त्याचे खांदे हलत होते. मला हसू आलं नाही. त्यांना खरोखरच ठाऊक नव्हतं, यावर माझा विश्वास आहे. पण ठाऊक नसताना त्यांनी माझ्या आईचा आजार माझ्या हातावर ठेवला आणि अकरा दिवस तो तिथे राहू दिला.

"तुमच्या पुतण्याला फोन लावा," मी म्हटलं. "स्पीकरवर."

"इथे? आता तिकडे पहाट असेल हो."

"उठेल तो. माझी किल्ली घ्यायला उठला होता."

तुमचा बाबा झोपेतून उठला. दीर बोलू लागले, "अरे, जरा गैरसमज झाला होता..."

"गैरसमज नव्हे," मी मध्येच म्हटलं. "शिसं. शिशापासून सुरू करा."

मग त्यांनी सांगितलं. मी चाकांचं शिसं काढलं, जाळ्याला लावलं, गाडी त्यामुळे थरथरत होती, वहिनींच्या हाताला काही झालेलं नाही. प्रत्येक वाक्यानंतर ते माझ्याकडे बघत होते आणि मी मान हलवत होते, पूर्वी शाळेत मुलांचं पाठांतर घेताना हलवायचे तशी. मग बाबा म्हणाला, "आई, सॉरी." मी म्हटलं, "ऐकलं," आणि फोन बंद करायला लावला. ऐकणं आणि स्वीकारणं यांत फरक असतो, तो त्याला कळावा अशी माझी इच्छा होती. पुढे तीन दिवस मी त्याचा फोन घेतला नाही.

चारही चाकांना नवी वजनं बसली. मी हात पुढे केला. दिरांनी किल्ली दिली. घरी त्यांच्याकडे दुसरी किल्ली होती, तीही त्याच संध्याकाळी मागून घेतली. ते पुढचं दार उघडायला लागले, तेव्हा मी माझी पिशवी पुढच्या सीटवर ठेवली.

"मागे बसा, भाऊजी. पुढे वही आहे."

हातखंब्याला शहराकडे न वळता मी सरळ संगमेश्वरच्या बाजूला पुष्कळ पुढे गेले आणि तिथून परत फिरले. गरज काही नव्हती. पंच्याऐंशी, नव्वद. स्टिअरिंग दगडासारखं स्थिर होतं. दोन्ही हात नीट दिसतील असे वर धरून मी चालवत होते. आरशात ते खिडकीबाहेर बघताना दिसत होते. भरतीचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. मांडवीला पोचलो तेव्हा पाणी भरून ओसरायला लागलं होतं.

रविवारी माझी जाऊ, म्हणजे त्यांची बायको, दुपारी डबा घेऊन आली. डब्यात दोन मोठ्या बोया होत्या, साफ करून, मीठ-हळद लावून. ती ओट्याशी उभी राहिली. बिचारीचा यात काही दोष नव्हता.

"ते दोन दिवस जेवले नाहीत नीट, वहिनी. आता विसरा ना."

"विसरायला मला काय झालंय? डोळे झाले, हात तपासले. स्मरणशक्तीबद्दल अजून कोणी काही बोललेलं नाही."

ती हसली, मग हसू नये असं तिला वाटलं असावं, कारण तिने पदर तोंडाला लावला. जाताना दारात तिने विचारलं, "मग त्यांना काय सांगू?"

"बोय ताजी होती म्हणून सांग. एवढंच."

बोय मी तळली आणि दोन्ही खाल्ल्या. काटे एक एक करून काढले, एकही चुकला नाही.