पिराला सरकारी नारळ गेला नाही

ती घटना काही केल्या मनातून जात नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडेखोरांच्या मागे डोंगर पालथे घातले. त्यातले बरेचसे आता एकमेकांत मिसळून गेले आहे. पण त्या चांदीच्या पंजाची आठवण निघाली की आजही अंगावर काटा येतो.

संस्थान विलीन होऊन दीडेक वर्ष झाले होते. पलूसच्या बाजूची, पूर्वी संस्थानात असलेली काही गावे आमच्या ठाण्याला जोडली गेली आणि मी तिथला नवा फौजदार. दिल्लीत राज्यघटना लिहून पुरी होत आली होती. आमच्याकडे तिची बातमी वर्तमानपत्रातून यायची, तीही शिळी होऊन. त्या साली दिवाळी आणि मोहरम पाठोपाठ आले होते. दिवाळी तोंडावर असताना एका गावचा पोलीस पाटील धापा टाकत ठाण्यात आला. दर्ग्यातला पंजा नाहीसा झाला होता.

हाताच्या आकाराचा हा चांदीचा पंजा मोहरमला काठीवर चढवून, रेशमी वस्त्र नेसवून बसवत. गावात मुसलमानांची घरे मोजकी, पण पंजाला नवस सगळ्या गावाचे. फाळणीच्या जखमा ओल्या होत्या. एखादी अफवा उठली असती तर गाव पेटायला वेळ लागला नसता. मी पाटलाची फिर्याद लिहून घेतली, पंचनाम्याला गेलो. पंजा ठेवायच्या पेटीचे कुलूप शाबूत होते. दर्ग्याची सेवा करणारे म्हातारे मुजावर भिंतीला टेकून बसले होते. काहीही विचारले तरी एकच उत्तर, "अल्लाला ठावं." मला वाटले, धक्क्याने म्हातारा खचला.

पहिली खबर दिली बांगड्या भरणाऱ्या एका कासारणीने. कासारणीला घरोघर माजघरापर्यंत वाट मोकळी असते, म्हणून मी तिच्याशी सलोखा ठेवून होतो. ती म्हणाली, "सायेब, त्या मिल्ट्रीतनं आलेल्या हवालदाराच्या घरात कायतरी हाय बगा. दिवाळी आली तरी बायकू बांगड्या भरंना. कोण मेलं न्हाई, सुतक न्हाई. सगळी घरात अनवाणी फिरत्यात, आन् बाजा उभ्या करून भुईवर निजत्यात."

हा हवालदार म्हणजे लढाईवरून परतलेला मराठा गडी. चार वाफ्यांची उसाची शेती, बोलणे कमी, मान ताठ. घरझडती पंचांसमक्ष दुसऱ्या दिवशी घ्यायचे ठरवले आणि आधी त्याला ठाण्यात आणून बसवले. माझा अनुभव असा की चोर पहिल्या तासात फार बोलतो. हा जेवढ्यास तेवढेच बोलला.

"पंजा कुठे आहे?"

"सांगणार न्हाई."

"म्हणजे तुला ठाऊक आहे!"

"खोटं बोलू व्हय? ठावं हाय. पर शपथ घातलीया मला."

"कुणी?"

त्याने नजर समोरच्या भिंतीवर रोवली. माझा पारा चढला. कोठडी दाखवली, खटल्याची भीती घातली, पेन्शन जाईल म्हणालो. तो शांतपणे म्हणाला, "घाला आत. इमान सोडायचं असतं तर तिकडं गोळ्या कशाला झेलल्या असत्या?" मी हात टेकले. अशा माणसापुढे वर्दीसुद्धा मऊ पडते.

दुपारी मुजावर काठी टेकत ठाण्यात आले. मला वाटले, पंजाचा तपास विचारायला आले असतील. ते दारातच थांबले आणि विचारले, "हवालदारानं भाकरी खाल्ली का वं?"

तिथे मी चमकलो. चोरी झालेला माणूस ठाण्याचे उंबरे झिजवतो, पोलिसांच्या नावाने बोटे मोडतो. या बाबांनी पंजाची एकदाही चौकशी केली नव्हती, आणि आता चोराच्या भाकरीची काळजी! पाणी कुठेतरी मुरत होते. मी कासारणीचे बोलणे पुन्हा आठवले. बांगड्या न भरणे, अनवाणी राहणे, भुईवर निजणे. हे सगळे मोहरमचे पाळणे. पण मोहरमचा चंद्र दिसायला अजून अवकाश होता. मग त्या घराने आधीच पाळायला का घेतले? कारण पंजा त्यांच्या घरात होता, आणि चोरून आणलेल्या मालासाठी कुणी असे कडक पाळत नाही.

मी बाबांना खुर्ची दिली. "मुजावरबाबा, पंजा तुम्हीच त्याच्याकडे ठेवलात ना?"

म्हातारा एकदम रडू लागला. मग हळूहळू सगळे सांगितले. संस्थानात चाल अशी की मोहरमला दरबाराकडून गलेफ, म्हणजे पिराचे वस्त्र, आणि नारळ यायचा. वर्दीतला फौजदार तो नारळ वाढवायचा, पंजाच्या काठीला पहिला हात लावायचा, मगच पंजा मिरवणुकीला उठायचा. विलीनीकरणानंतर एक वर्ष जुन्या फौजदाराने ही चाल कशीबशी चालवली, यंदा मात्र ती बंद झाल्याचा हुकूम आला. त्यातच दरबारच्या चीजवस्तूंना सील लावायला कारकून फिरू लागले. पंजाची चांदी एका जुन्या राजाने दिलेली.

"मला वाटलं, नवं सरकार आता हिंदूंचं. नारळ बंद केला, उद्या पंजा बी न्हेणार. माज्या घरात ठेवला तर पयली झडती माजीच. म्हून त्याच्या देवघरात ठेवला. त्यो म्हनला, माज्या मुडद्यावरनं न्हेतील."

 ज्या सरकारला हे बाबा घाबरले होते ते सरकार म्हणजे त्या घटकेला मीच होतो. आणि त्या सरकारपासून पीर लपवायला त्यांनी शेजारच्या हिंदूचे देवघर निवडले होते.

"बाबा," मी म्हणालो, "दसऱ्याला संस्थानच्या राजधानीत देवीच्या पालखीला आमच्या शिपायांची सलामी असायची. या वर्षी तीही झाली नाही. सरकारी खर्चाचा नारळ तिलाही नाही."

त्यांनी डोळे पुसायचे थांबवले. "देवीची बी बंद?"

"देवीचीही."

"मग तुमचं सरकार पाया तरी कुनाच्या पडतं?"

"कुणाच्याच नाही."

"आन् अडवतं कुनाला?"

"जो दुसऱ्याच्या देवाला अडवेल त्याला."

बाबा खुर्चीतून काठी टेकत उठले. मग हवालदाराला म्हणाले, "ऊठ गड्या. शपथ सुटली तुजी." तो उठला, मला सलाम ठोकला आणि पहिल्यांदा हसला. मी कागदावर लिहिले की चोरी झालेली नाही, फिर्याद गैरसमजुतीने दिली गेली. वरिष्ठांनी चार प्रश्न विचारले, पण प्रकरण मिटले. हवालदाराने दिवाळी घरी केली. कासारणीचा धंदा मात्र बुडाला, कारण त्या घराने मोहरम संपेपर्यंत बांगड्या भरल्याच नाहीत.

मोहरमच्या शेवटच्या दिवशी मी बंदोबस्ताला गेलो. बाबांच्याच इच्छेने पंजा यंदा हवालदाराच्या अंगणातून निघायचा होता. गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच शंका: सरकारचा हात लागल्याशिवाय पंजा उठेल का? नाही उठला तर पीर कोपला, असे गावाने धरले असते आणि तो ठपका जन्मभर बाबांच्या माथी राहिला असता. पाटील माझ्या कानाशी लागले, "साहेब, नुसतं बोट लावा. कुणाला कळतंय?"

खरे सांगतो, मन डळमळले. म्हाताऱ्यासाठी एवढे करायला काय हरकत होती? मी पाऊल उचललेही असते. तेवढ्यात बाबांनीच हात वर केला. सगळ्या गावासमोर, खणखणीत आवाजात ते म्हणाले, "फौजदारसाहेब, तुमी वाट मोकळी ठेवा. पिराचं आमी बगतो."

आणि त्यांनी स्वतःच्या घरचा नारळ वाढवला.

मी पंजाकडे पाठ करून, गर्दीकडे तोंड करून उभा राहिलो. माझे काम तेच होते. त्यामुळे पंजा उठताना मला दिसला नाही. ताशा थांबला, आणि समोरच्या शेकडो माणसांचे डोळे एकदम वर गेले. हिंदू, मुसलमान, बायाबापड्या, सगळ्यांचे. हवालदाराच्या बायकोने तिथेच भुईवर डोके टेकले. माझे डोळे भरून आले होते, आणि दोन्ही हात गर्दी अडवायच्या लाठीवर असल्यामुळे ते पुसताही येत नव्हते.

पुढे राज्यघटना लागू झाली. धर्मस्वातंत्र्याची कलमे आम्हाला शिकवायला मोठमोठे वकील आले. मी वहीत काही लिहून घेतले नाही. सरकारने कुठे उभे राहायचे आणि तोंड कुणीकडे करायचे, हे मला त्या गल्लीत एका म्हाताऱ्याने नेमून दिले होते.