चादरीतला चार्जर आणि हडपसरची सहल

परदेशवारीची माहिती हवी असलेल्यांनी इथेच थांबावं. आमची सहल कोथरूडच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून हडपसरच्या एका कारखान्यापर्यंतची. मी पॉवर इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. सोबत शेवटच्या वर्षाची सना शेख आणि तिने बनवलेला ई-रिक्षाचा चार्जर. तो कारखान्यात सलग तासभर चालला, तर सनाला सहा महिने तिथेच काम शिकायला मिळणार होतं.

स्वारगेटला बस बदलावी लागते. लवकर निघालात तर बसायला मिळतं. आठ किलोचा चार्जर चादरीत गुंडाळून सनाच्या मांडीवर होता. शेजारच्या बाई कौतुकाने बाळ बघायला वाकल्या आणि वायरी बघून खिडकीकडे वळल्या.

हडपसरला उतरल्यावर आधी पोहे खाऊन घ्यावेत. कारखान्याच्या गेटवर चपला चालत नाहीत आणि उसने मिळालेले जड बूट रिकाम्या पोटी ओढवत नाहीत. माझे दोन नंबर मोठे होते.

तिथले इंजिनिअर वानखेडे मूळचे अकोल्याचे, म्हणजे उन्हाबद्दल अधिकाराने बोलणारे. रिक्षात चार्जर सीटखाली असतो, म्हणून त्यांनी तो पत्र्याच्या बंद पेटीत ठेवून चालू केला. तेराव्या मिनिटाला तो तापून बंद पडला. आमच्याकडे हाच चार्जर तीन-तीन तास चालायचा. सनाचा चेहरा मला बघवेना.

वानखेड्यांनी आमच्या लॅबचा टेस्टिंग रिपोर्ट शांतपणे चाळला. "मॅडम, तुमच्या लॅबमध्ये पंखा आहे का?"

आहे. टेबलफॅन, माझ्याही आधीपासूनचा. लॅबमध्ये शिरलं की दिव्याआधी त्याचं बटण दाबायचं, ही आमची पद्धत. तो टेस्टिंगच्या टेबलाकडेच तोंड करून असतो. मी सही केलेल्या रिपोर्टात त्याचा उल्लेखही नव्हता. मला फार लाज वाटली. मी सारवासारव करणार, तोच सना बोलली.

"पंखा आम्ही आमच्यासाठी लावायचो, सर. चार्जरलाही तोच वारा मिळतोय, हे माझ्या लक्षातच आलं नाही. आता पंख्याशिवाय चालेल असा बनवते."

"चार्जर नापास," वानखेडे सनाला म्हणाले. "तुम्ही सोमवारपासून या. बूट आपल्या मापाचे आणा."

परतीच्या बसमध्ये गर्दी होती. सना उभ्याने, चार्जर कवटाळून हसत होती.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये शिरताच माझा हात सवयीने बटणाकडे गेला. आजवर किती बॅचेस या वाऱ्यावर पास झाल्या असतील, कोण जाणे. मी प्लगच काढून टाकला आणि घाम पुसत नव्या रिपोर्टाची पहिली ओळ लिहिली: पंखा बंद.