खाटेभोवतीची पांढरी रेघ: नालवाडी ते जाम आणि परत

जामला फिरायला कोणी जात नाही. मीही गेले नव्हते, बहिणीला आणायला गेले होते. पण हल्ली हायवेनं जाणारे लोक मला विचारतात, ताई, जामला कुठे थांबावं, काय खावं? सत्तरच्या दशकातली माझी ती फेरी आठवून मी एवढंच सांगते की थांबा कुठेही, पण नाक उघडं ठेवा.

माझी धाकटी बहीण सुमन जामला दिलेली. सासरचे मूळचे शेतकरी, पण जावयानं चौकात दुकान टाकलं होतं. पुढे किराणा, मागे कपाशीवरची औषधं. सुमनचं आधी दोनदा पोट पडलं होतं. तिसऱ्या खेपेला सातवा लागला, तरी सासरचे तिला माहेरी पाठवेनात. का, तर फवारणीचा सीझन आणि दुकानात गर्दी. आठव्यात हलवायचं नाही असा आमच्याकडे रिवाज, म्हणजे आता नाही आली तर तिचं बाळंतपण तिकडेच. बाबांना विहिणीसमोर शब्द फुटत नसे. माझ्या तोंडाची मात्र वर्ध्याजवळच्या आमच्या सगळ्या नालवाडीत ख्याती होती, म्हणून मला धाडलं.

दसरा उलटून गेला होता. वर्ध्याहून एसटीचा लाल डब्बा पकडला, हिंगणघाटला बदलला. हिंगणघाटच्या स्टँडवर आलुबोंडा खाल्ला, तिखट आणि गरम, त्या प्रवासातली बिनविषारी म्हणता येईल अशी बहुतेक तेवढीच वस्तू. पुढचा रस्ता खड्ड्यांचा. दोन्ही बाजूंना कपाशी फुटलेली आणि शेताशेतात लोक नाकाला काही न बांधता पाठीवरच्या पंपानं फवारत होते. बसमध्ये तो वास शिरला, तसा शेजारचा म्हातारा खूश होऊन म्हणाला, "औषध कडक हाय बाप्पा. वास नाई आला तं समजायचं दुकानदारानं फसवलं." माझं डोकं जड झालं होतं आणि हा माणूस अत्तर हुंगावं तसा हुंगत होता.

जावयाचं दुकान चौकातच. मी पोचले तेव्हा तो एका शेतकऱ्याला पोत्यातून कपाशीच्या किडीवरची पांढरी पावडर मोजून देत होता. ती दिली, पत्र्याचं माप धोतराला पुसलं आणि त्याच मापानं पुढच्या बाईला बेसन दिलं. फळीवर गोडेतेलाचा मोठा डबा होता, त्याच्यावर कॅलेंडरातून कापलेली लक्ष्मी चिकटवलेली. एक कोपरा सुटला होता. त्याखालून कवटी आणि दोन हाडं दिसत होती.

"जवाईबुवा, हे काय?"

"रिकामा डबा होता बाई, चांगला मजबूत. सोड्यानं तीनदा धुतला." मग जरा लाजून म्हणाला, "ते चित्र बरं नाई दिसत, म्हून मायनं लक्ष्मी लावली."

म्हणजे कवटी त्यांनाही दिसली होती. घरात अशुभ चित्र नको एवढाच तिचा अर्थ त्यांनी काढला. छापणाऱ्यांनी बिचाऱ्यांनी उगाच शाई वाया घालवली.

सुमन मागच्या गोदामात होती. खिडकी नाही, भिंतीला पावडरची पोती छतापर्यंत, आणि मधोमध तिची खाट. खाटेभोवती चारी बाजूंनी त्याच पावडरची पांढरी रेघ ओढलेली, अगदी रांगोळीसारखी नीट. मला पाहून ती उठली. डोळे लाल, ओठ सुकलेले.

"इथं काऊन झोपवलं हिले?" मी विचारलं.

विहीणबाई अभिमानानं म्हणाल्या, "दोनदा वाईट झालं नं तिचं. आता काळजी घेऊन राह्यलो आम्ही. इथं वासानं साप नाई, इच्चू नाई, मुंगीसुद्धा येत नाई. ते रेघ मी सोता ओढतो रोज."

खोटं कशाला सांगू, त्या बाईचं सुनेवर प्रेम होतं. तेच तर डोक्यात जात होतं. छळ करणाऱ्या सासूशी भांडता येतं, काळजी घेणाऱ्या सासूशी कसं भांडायचं? मी डॉक्टर नाही. सुमनची दोन्ही पोटं त्या पावडरनंच पडली असं मी तेव्हाही म्हटलं नाही, आजही म्हणत नाही. पण जिथे मुंगी जगत नाही तिथे पोटातलं लेकरू ठेवायचं, हे समजायला कोणती शाळा लागते?

जेवायला पाटवडी होती, रस्सा वर लाल तवंगाचा. तेल कोणत्या डब्यातलं ते मला माहीत होतं. पोट बिघडलंय म्हणून मी नुसत्या केळ्यावर भागवलं. विहीणबाई म्हणाल्या, "शहराच्या लोकायचं पोट नाजूकच." नालवाडी शहर कधी झालं कोण जाणे.

मग मी विषय काढला. जावई म्हणे सीझन संपू द्या. विहीणबाई म्हणे देवीला बोललो आहोत, सगळं नीट होईल. मी सहज विचारलं, "जवाईबुवा, तुमची खाट कुठं असते?"

"बाहेर, वसरीत."

"काऊन? गोदामात नाई झोपत?"

"त्या वासानं डोकं दुखते नं बाई माझं."

विहीणबाईंनी लेकाकडे पाहिलं, मग गोदामाच्या दाराकडे. मग आत गेल्या आणि सुमनची लुगडी घडी करायला लागल्या. सकाळी ओटी भरली आणि निघताना मला म्हणाल्या, "सांभाळजो वं तिले." जावयाचा चेहरा उतरला होता. चांगलं केलेलं कोणी पायानं सारावं तसं त्याला वाटलं असावं.

हिंगणघाटचे खड्डे सुमनला सोसणारे नव्हते. म्हणून सिंदीच्या जिनिंगला पहिल्या वेचणीचा कापूस घेऊन जाणाऱ्या ट्रकच्या केबिनमध्ये तिला बसवलं आणि तिथून गाडीनं वर्धा असं ठरवलं. असा बेत तुम्ही करू नका. सिंदीला पॅसेंजर तासन्‌तास आलीच नाही. जिनिंगमधली कापसाची फुई हवेत उडत होती, चहावर बसत होती, फलाटावरचा अर्धा गाव खोकत होता आणि जो तो दुसऱ्याच्या विडीला दोष देत होता. सुमननं पदर नाकाला लावला होता. पदरालाही गोदामाचाच वास. "आता घरी जाऊन न्हाजो," मी म्हटलं, "सुटली तू." ती पहिल्यांदा हसली.

नालवाडीला पोचलो तेव्हा आई दारात. तुकडा ओवाळून टाकला, पाणी घातलं पायावर आणि हात धरून थेट बाळंतिणीची खोली दाखवायला नेलं. शेणानं सारवलेली जमीन, नवी वाकळ, धुतलेली खाट. आणि खाटेभोवती पांढरी रेघ. जाड, ताजी.

"जवाईबुवानं कंडक्टरजवळ पुडा पाठवला," आई कौतुकानं सांगत होती. "तुमच्या आधी येऊन पोचला. लय जीव आहे त्यांचा सुमीवर. उरली ते जवारीच्या कोठीत टाकली. आता किडा नाई लागत."

नालवाडीतलं ते प्रसिद्ध तोंड बंद पडलं. सुमन उंबऱ्यावर थांबली होती, एक हात पोटावर.

"बाई," ती हळूच म्हणाली, "मंग तू मले कुठून कुठं आणलं वं?"

त्या दिवशी आईनं माझ्याशी अबोला धरला. मी खुरप्यानं जमीन खरवडून काढली, माती लांब खड्ड्यात पुरली, कोठीतली जवारीही पुरली. घरची शेती असून आम्ही सुमनच्या बाळंतपणात रेशनचा लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी, खाल्ला. शेजारणी हसल्या, आईला ते मरेपर्यंत विसरता आलं नाही.

पोरगी झाली, पुऱ्या दिवसांची, काळीसावळी, आरडाओरडा करणारी. श्रेय जामच्या देवीला गेलं. जाऊ दे. बारशाच्या दिवशी भिंतीतून मुंग्यांची रांग निघून पाळण्याच्या पायापर्यंत आली. आई माझ्याकडे रागानं बघत होती आणि मी त्या मुंग्यांकडे बघून रडत होते.

आज जामला मोठे ढाबे आहेत, चकाचक फरशी, काचेची दारं. मालक अभिमानानं सांगतात, आमच्याकडे एक मुंगी सापडणार नाही. मी तिथे पाणीसुद्धा पीत नाही.