इथं कां हसायचं, तेवढं सांगा

"थांबा, मेडम. इथं कां हसायचं, तेवढं सांगा."

असं म्हणून ते एक बोट वर करायचे, वर्गात पोराला गप्प करावं तसं, आणि दुसऱ्या हातानं लॅपटॉपवरचं चित्र थांबवायचे. पडद्यावर एखादा लुकडा गोरा शाळकरी मुलगा तोंड उघडं टाकून तसाच राहायचा. मी कॉलेजात इंग्रजी शिकवते, पण या प्रश्नाचं उत्तर देताना माझे कान तापायचे. कारण विनोद हमखास चावट असायचा, आणि विचारणारे गृहस्थ साठी ओलांडलेले गणिताचे निवृत्त मास्तर. शिवाय आमचे घरमालक.

लग्न होऊन साताऱ्याहून मी तंजावूरला आले आणि त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर आमचा संसार मांडला. मराठा राजांच्या काळात इकडे येऊन राहिलेल्या घराण्यांपैकी त्यांचं एक. देवनागरी वाचता येत नव्हती, पण घरात मराठीच. "जेवण होलं कां?" असं त्यांनी पहिल्या दिवशी विचारलं तेव्हा मला क्षणभर कळलंच नाही. गल्ली त्यांना 'सार', म्हणजे सर, म्हणायची. त्यांची सायकल दिसली की जुने विद्यार्थी, बायकापोरांसकट, रस्ता ओलांडून पलीकडे जायचे. त्यांचे दात मी कधी पाहिले नाहीत.

बायको जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. घरात ते आणि मुलगा प्रसन्ना. तो इंजिनिअरिंगला होता, उंच, जिन्यावर हटकून ठेचकाळणारा. संध्याकाळी भेटला तरी गडबडून 'गुड मॉर्निंग' म्हणायचा. त्याचे तीन मित्र होते. चौघं गच्चीवर लॅपटॉप मांडून एक ब्रिटिश विनोदी मालिका बघायचे.

तुमच्यापैकी काहींनी ती पाहिली असेल. चार शाळकरी मुलं. ना हुशार, ना देखणी. मुलींशी बोलायला जातात आणि भलतंच बोलून बसतात. मालिका जुनी आहे, त्यातल्या नटांचे केस आता विरळ झाले असतील. तरी दरवर्षी आमच्या कॉलेजात नवी मुलं येतात आणि त्यांना ती नव्यानं सापडते. वर्गात इंग्रजीचं एक वाक्य धड न बोलणारा जवळच्या पापनाशम गावचा मुलगा व्हरांड्यात त्यातले संवाद घडाघड म्हणतो. विलायतेतल्या त्या पोरांशी यांचं काय नातं, असं मी एकदा प्रसन्नाला विचारलं. तो लाल झाला.

"आमीच ते, अक्का," म्हणाला.

परीक्षेच्या दिवसांत एका संध्याकाळी सार गच्चीवर आले. मी कोपऱ्यात वाळलेले वडाम, म्हणजे इकडच्या तांदळाच्या कुरडया, गोळा करत होते. नेमकं त्याच वेळी पडद्यावरचा मुलगा असं काही बोलला की ते सारांनाही समजलं. त्यांनी मित्रांच्या देखत प्रसन्नाच्या थोबाडीत मारली.

"माझ्या घरात ही घाण नकों."

मित्र चपला हातात घेऊन खाली उतरले. प्रसन्ना भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्यानंतर गच्चीवर कुणी जमलं नाही.

शनिवारी प्रसन्ना मोटरसायकलवरून ओरत्तनाडूला जाऊ लागला. तिथं त्याच्या मित्रांपैकी सेल्वमचं घर होतं. अभ्यासाला जातो, असं तो वडिलांना सांगायचा. एका रविवारी दिवेलागणीच्या सुमारास प्रसन्ना आणि सेल्वम तंजावूरला परत येत होते. रस्त्यात पेंढ्यानं भरलेली ट्रॉली उभी होती, मागे दिवा नव्हता. प्रसन्ना जागीच गेला. मागे बसलेला सेल्वम वाचला, पण त्याचा पाय कायमचा अधू झाला.

सारांनी सगळा दोष सेल्वमवर टाकला. तो कुबडी घेऊन भेटायला आला तेव्हा त्यांनी दार लावून घेतलं. पुन्हा आला, पुन्हा तेच. नंतरच्या खेपेला मात्र ते उंबऱ्यात उभे राहून तमिळमध्ये ओरडले. मी जिन्यात होते.

"अभ्यासाला म्हणून बोलावलंस आणि माझा मुलगा घालवलास!"

"अभ्यास नव्हता, सार," सेल्वम म्हणाला. "आम्ही ते बघायला जमायचो. इथं बंद झालं म्हणून."

उलट बोलायचा त्याचा हेतू नव्हता. तो ढसाढसा रडत होता. सारांनी चौकट धरली. मग बाजूला सरले आणि म्हणाले, "आत ये."

त्यानंतर काही दिवसांनी ते प्रसन्नाचा लॅपटॉप घेऊन वर आले.

"तुमाला इंग्लिश येतं, मेडम. तो कशाला हसत होता, मला समजून घ्यायचं आहे."

अशा आमच्या रविवारच्या दुपारी सुरू झाल्या. सुरुवातीला मी आडवळणानं सांगायची, काही सरळ वगळायची. त्यांच्या लगेच लक्षात यायचं. "गाळू नका. मधली स्टेप गाळली की मार्क जातात." मग मी जमिनीकडे बघत सगळं सांगायची. ते गंभीरपणे विचार करायचे, मान हलवायचे. "बरोबर. हसण्यासारखं आहे." हसायचे मात्र नाहीत.

एका भागात एक मुलगा बापाचा कोट चोरून घालून पार्टीला जातो, तिथून हाकलला जातो आणि भिजून घरी येतो. बाप दार उघडतो, कोटाकडे बघतो आणि काही न बोलता टॉवेल देतो. सारांनी चित्र थांबवलं. मी उत्तराची जुळवाजुळव करू लागले, पण त्यांनी काही विचारलं नाही.

पडद्याकडे बघतच म्हणाले, "दर वेळी ह्यांची फजिती होते. पण शेवटी चौघंही घरी पोचतात. म्हणून पोरं पुन्हा पुन्हा बघतात, मेडम."

मी कॉफी करायला आत गेले आणि दूध उतू गेलं तरी तिथंच उभी राहिले.

पुढे माझी गरज उरली नाही. सेल्वम येऊ लागला. दोघं खालच्या खोलीत शेजारीशेजारी बसून बघायचे. मग त्याला होसूरला नोकरी लागली, आणि सार एकटेच बघू लागले. दार लोटलेलं असायचं, आतून त्या मुलांचे आवाज यायचे. हसण्याचा आवाज कधी आला नाही.

यंदा उन्हाळ्यात त्यांना पक्षाघात झाला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. इस्पितळात मी पेज भरवायला जायची, ती अर्धी ओठांतून बाहेर यायची. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन आशा नसल्याचं सांगितलं. मी सेल्वमला कळवलं.

तो दुपारी आला, लंगडत, थेट बसस्टँडवरून. त्यानं खिशातून फोन काढला, तीच मालिका लावली आणि त्यांच्यासमोर धरली. सारांचे डोळे थोडा वेळ तिकडे होते. मग एका ठिकाणी सेल्वमला हसू फुटलं, चांगलं मोठ्यानं. आजूबाजूच्या खाटांवरची माणसं वळून बघू लागली. त्यानं ओशाळून तोंडावर हात दाबला.

सारांनी डावा हात उचलला. तो मध्येच थांबला, पुन्हा वर आला. त्यांनी सेल्वमचं मनगट पकडलं आणि त्याच्या तोंडावरचा हात खाली ओढला.

सेल्वम हसत होता की रडत, सांगता येणार नाही. सारांनी मनगट सोडलं नाही. फोनकडे त्यांचं लक्षच नव्हतं. ते त्या पोराच्या तोंडाकडे बघत राहिले, एक भाग संपून आपोआप दुसरा सुरू झाला तरी.